पहिल्या हिश्शाच्या पुढे

"ठेव आता खाली, ओनेलिया," रिगोबेर्तो म्हणाला. "पहिला हिस्सा झाला तुझा."

ओनेलियाने ऐकलं आणि आणखी एक झुरका घेतला.

टेबलाभोवतीच्या बाकी चौघांनी आपापले चिरूट केव्हाच राखदाणीत ठेवले होते. हवानाच्या त्या कारखान्यात चाखणाऱ्यांची रीतच तशी होती. चिरुटाचे मनातल्या मनात तीन हिस्से करायचे, पहिला तेवढा ओढायचा, बिनसाखरेच्या कोमट चहाने चूळ भरायची आणि कागदावर वास, चव, जळण आणि ओढ, म्हणजे धूर किती सहज येतो, यांचे गुण मांडून पुढच्या चिरुटाला हात घालायचा. सकाळी कॉफी नाही, अंगाला अत्तर नाही, आदल्या रात्रीच्या जेवणात लसूण नाही. ओनेलियाच्या घरात बारा वर्षं रविवारखेरीज लसूण शिजला नव्हता, आणि हे दुःख तिचा नवरा गल्लीत ज्याला त्याला सांगत फिरे.

"चौदा नंबरला काय झालंय?" रिगोबेर्तोने विचारलं. तो त्या टेबलाचा प्रमुख होता आणि सगळं वेळेत झालं की त्याला देव पावल्यासारखं वाटे. "आम्ही चौघांनी उत्तम लिहिलंय."

"म्हणूनच ओढतेय."

चिरुटांवर कागदी अंगठी नसे, नुसता नंबर असे. कोणता नंबर कोणाचा ते कारकुनाच्या कुलूपबंद कपाटात. पण हे झालं नियमातलं. ज्याने स्वतः वीस वर्षं पानं वळली आहेत त्याला दुसऱ्याचा हात ओळखू येतोच, आईच्या हातचं कालवण डोळे मिटूनही ओळखू येतं तसा. चौदा नंबर खालच्या दालनात चिरूट वळणाऱ्या एव्हारिस्तो मास्तरांचा होता. टेबलावरच्या पाचही जणांना ते कळलं होतं आणि पाचही जण कळलं नसल्यासारखे बसले होते.

मास्तरांचा चिरूट सुरुवातीला जरा कंजूष असे. पहिले चार झुरके हात राखून देई, मग हळूहळू मोकळा होई. आज मात्र तो पहिल्या झुरक्यापासूनच गोड बोलायला लागला होता, आणि मास्तरांनी आयुष्यात कोणाशी पहिल्या भेटीत गोड बोलल्याचं ओनेलियाला आठवत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हणून ती ओढत राहिली.

पहिला हिस्सा सरला आणि थोडं पुढे जाताच धूर आटला. तिने गाल आत जाईतो ओढून पाहिलं. चिरूट विझला. सिडारच्या लाकडाची ढलपी पेटवून तिने तो पुन्हा शिलगावला, तर जिभेवर नुसता कडूपणा आला. तेव्हा तिने टेबलावरची सुरी घेतली आणि उरलेला चिरूट उभा चिरला.

आतली पानं मधेच सुंभासारखी पिळून त्यांची गाठ झाली होती. अंगठ्यात जोर नसला की असं होतं. पानांचा जुडगा हातात धरून राहत नाही, मग माणूस तो पिळून दाबतो. नवशिक्यांच्या हातून रोज होतं. पण पुढचं काम नवशिक्याचं नव्हतं. आतलं पान या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवं. इथे ते गाठीपाशीच तोडलेलं होतं, आणि जळालेल्या हिश्शात वेगळे आखूड तुकडे पंख्याच्या घडीसारखे सुबक लावलेले होते. त्यांची टोकं अजून दिसत होती. चाखणारे कुठवर ओढतात ते बोटाच्या पेराइतकं नेमकं ठाऊक असलेल्या माणसाने हे केलं होतं. मास्तर स्वतः या टेबलावर अकरा वर्षं बसले होते.

रिगोबेर्तोने वाकून पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"ओढ मोजायचं यंत्र येणार येणार म्हणून दोन वर्षं ऐकतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "ते येईल तेव्हा येईल. तोवर आपलं काम पहिल्या हिश्शापुरतं. पुढे काय आहे ते आपण बघत नाही."

"मी बघितलं."

"न बघितल्यासारखं कर. एक ओळ लिहिली नाहीस तर कोणाचं काही बिघडत नाही."

"हा चिरूट जो विकत घेईल तो काय पहिला हिस्सा ओढून फेकून देणार आहे?"

रिगोबेर्तो घड्याळाकडे बघू लागला. कागद दोन वाजता वरच्या कचेरीत जायचे. खोटा माल पकडला गेला तर वळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दारावरचा माणूसच आत सोडत नसे, मग त्याची पन्नास वर्षं झालेली असोत की पाच. त्याने स्वतः येऊन आपल्या चिरुटांची जुडी मागे घेतली तर मात्र त्याला मागच्या रांगेत बारके चिरूट वळायला बसवत. पण तो कारखान्यात राही. ओनेलियाला मास्तर कारखान्यात राहायला हवे होते, आणि खोटं तर तिला लिहायचं नव्हतं. मधे फक्त दोन तास होते.

चाखण्याच्या दिवशी चाखणाऱ्याने खालच्या दालनात पाऊल टाकायचं नाही, हा नियम पहिल्या हिश्शाच्या नियमापेक्षाही जुना. ती बारा वाजता जिना उतरून सरळ दालनात गेली. दीडशे माणसं बाकांवर होती आणि उंच चौथऱ्यावर बसून वाचणारा बुवा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. तिला पाहून तो अर्ध्या बातमीवरून थेट हवामानावर घसरला. सुऱ्यांचे आवाज रांगेरांगेने थांबत गेले. ओनेलियाचे कान तापले, पण ती चालत राहिली.

मास्तर पहिल्या रांगेत, खिडकीजवळच्या बाकावर बसत. एकाहत्तर वर्षांचे, सडसडीत, सदऱ्याची कॉलर अजून कडक. शेजारी डब्यात काळ्या घेवड्याचा भात तसाच पडला होता.

"चाखणं आहे ना आज?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "मग इथे काय करतेस? कोणी पाहिलं तर खुर्ची जाईल."

"दीडशे लोकांनी पाहिलंय, मास्तर."

"मग बस. उभी राहून आणखी दिसतेस कशाला."

ती शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसली. मास्तरांनी उजवा हात पानाखाली सरकवला. बोटांचे सांधे सुपारीएवढे फुगले होते.

"तुमचा चौदा नंबर मी पहिल्या हिश्शाच्या पुढे ओढला," ती म्हणाली.

त्यांची अर्धगोल सुरी पानावर थांबली. "पुढे कोण ओढतं? रीत माहीत नाही तुला?"

"तुम्हाला माहीत होती. म्हणून तर तिथवरच पानं नीट लागलीत."

त्यांनी पानाची शीर उगाच सरळ केली. वाचणारा बुवा आता साखरेच्या गळिताचे आकडे वाचत होता, आणि ते कोणीही ऐकत नव्हतं.

"बाकीच्यांनी काय लिहिलं?"

"उत्तम."

"मग तुझ्याच पोटात का दुखतंय?"

"कधीपासून चाललंय हे?"

"ऑगस्टपासून. अंगठा मिटत नाही. सकाळी दोन चिरूट बरे जातात, मग बोटं ऐकत नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "डिसेंबरात पन्नास वर्षं होतात मला इथे. या रांगेत. तेवढं होऊ दे. मग मी आपण होऊन उठतो."

"नाही, मास्तर."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"दोन दिवसांचा असता तरी नाही."

"तुला त्या टेबलावर बसवली कोणी?" मास्तरांचा आवाज चढला. "बाईच्या जिभेला तंबाखू कळत नाही म्हणत होते सगळे. रिगोबेर्तोसुद्धा. तीन दिवस भांडलो मी त्यांच्याशी. तेव्हा कोणी नव्हतं तुझ्या बाजूने."

"तुम्ही होतात. तुम्ही सांगितलंत की ही खोटं लिहिणार नाही, एवढ्यासाठी तरी घ्या हिला." ओनेलियाने स्टूल जवळ ओढलं. "दोनच्या आत वर या. स्वतःच्या पायांनी या आणि जुडी मागे घ्या."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी लिहीन. घरी जाऊन रडेन, जेवणार नाही, नवऱ्याचं डोकं खाईन. पण लिहीन."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. हा माणूस म्हणजे सुंभ जळला तरी पीळ न जाणारा, हे ती जाणून होती. ते येतील असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "मागच्या रांगेत कोण बसतं माहीत आहे ना? कालची शिकाऊ पोरं. त्यांना मी शिव्या घालतो रोज."

"माहीत आहे."

"मग जा आता. भात गार होतोय माझा."

तो भात सकाळपासून गारच होता. ती उठली आणि साऱ्या दालनाच्या नजरा पाठीवर घेऊन वर आली.

रिगोबेर्तो दारातच उभा होता. "खाली गेली होतीस."

"गेले होते."

"म्हणजे आता मला तुझ्यावरही लिहावं लागणार. तीन महिने टेबल बंद. कमीत कमी."

"द्या कागद, मीच लिहिते. तुमचं अक्षर कचेरीत कोणाला लागत नाही."

"हट्टाला काही सीमा असते, बाई."

आपल्या चुकीचा कागद तिने आधी लिहिला: तारीख, वेळ, कोणाच्या बाकाशी गेली ते. मग चौदा नंबरचा कागद पुढे ओढला. शेऱ्याच्या रकान्यात 'मध्ये गाठ' एवढे दोन शब्द लिहून ती थांबली. 'आत तुकडे, लबाडी' हे पुढचे शब्द लेखणीच्या टोकाशी होते. घड्याळात पावणेदोन झाले होते. इतर तिघे खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ बघण्यात फार गुंतल्यासारखे दाखवत होते. दोनला पाच मिनिटं कमी असताना तिने लेखणी पुन्हा उचलली. तिने ती कागदावर टेकवली.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

मास्तर आत आले तेव्हा काखेत चौदा नंबरची उरलेली जुडी होती आणि हातात सुरी. कॉलर नीट होती. त्यांनी ओनेलियाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जुडी मागे घ्यायला आलोय," ते रिगोबेर्तोला म्हणाले.

रिगोबेर्तोने सुटकेचा श्वास टाकला आणि घाईघाईने कागद काढला. "बसा, मास्तर. कारण 'तब्येत' लिहितो. पुरे तेवढं."

"तब्येतीला काय धाड भरलीय? हात गेले लिही."

"बरं, हात."

"आणि आत तुकडे घातले, असंही लिही."

"मास्तर, ते न लिहून चालतं. तुम्ही आपण होऊन आलात..."

"तुला चालत असेल. लिही."

रिगोबेर्तोने लिहिलं. खिडकीशी उभ्या तिघांपैकी एकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ओनेलियाला वाटलं, उठावं आणि या हट्टी माणसाच्या गळ्यात पडावं. पण तसं केलं असतं तर त्यांनी सगळ्यांदेखत झापलं असतं. ती जागेवरच बसून राहिली.

मास्तर तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून तिचा कागद वाचू लागले.

"'मध्ये गाठ'," ते म्हणाले. "हा काय शेरा झाला? मध्ये म्हणजे कुठे?"

"पहिल्या हिश्शाच्या पुढे."

"किती पुढे? हे कागद उद्या शिकाऊ पोरांना वाचून दाखवतात. त्यांना काय कळणार यातून? पेटत्या टोकापासून किती बोटांवर, ते लिही."

"अंदाजे चार."

"अंदाजे लिहायला शिकवलं होतं मी?"

त्यांनी जुडीतला एक चिरूट उपसला, तिच्यासमोर टेबलावर आडवा ठेवला आणि सुरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला. वरचं पान, बांधणीचं पान बाजूला सारलं. पिळलेली गाठ उघडी पडली. मग मोजण्यासाठी त्यांनी आपली चार बोटं त्यावर ठेवायला घेतली. बोटं एकमेकांना लागेनात. त्यांनी डाव्या हाताने ती दाबून जुळवून पाहिली, तरी मधे फटी राहिल्या.

"तुझी लाव," ते म्हणाले.

ओनेलियाने आपली चार बोटं जुळवून पेटत्या टोकापासून चिरुटावर ठेवली. गाठ बरोबर करंगळीला लागून सुरू होत होती. तिने उजव्या हाताने तसं लिहायला घेतलं, आणि तिचं लिहून होईपर्यंत मास्तरांनी तो चिरलेला चिरूट दोन्ही हातांनी तिच्यासाठी उघडा धरून ठेवला.