उतरलेला खांदा

चाळीस वर्षं मी कपडे शिवतोय. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता माप सांगतो, आणि हे सगळ्यांना ऐकवतोही. कोर्टातही ऐकवलं होतं. माझ्या धाकट्या भावाला दुकानासमोर भोसकून एक जण पळाला. ओळखपरेडमध्ये मी एकावर बोट ठेवलं. पुढे वकिलाने विचारलं, कशावरून ओळखलंत? मी म्हणालो, "डावा खांदा उतरलाय. शिंप्याची नजर आहे, साहेब, चुकायची नाही." त्या माणसाला जन्मठेप झाली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

परवा भाचीने मला तिच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत नेलं. दोन फोटो समोर धरून म्हणाली, "मामा, यातला भरवशाचा कोण वाटतो?" मी एक निवडला. तिने तो माझ्या हातात दिला. "का निवडलात?"

"खांदे बघ की! कसे सरळ रेषेत आहेत. असा माणूस दगा द्यायचा नाही."

तिने टेबलावर पालथा ठेवलेला दुसरा फोटो उलटला. मी निवडलेला तो होता. हातात देताना तिने फोटोंची अदलाबदल केली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "पुष्कळांचं असंच होतं. मेंदू कारणं मागाहून जुळवतो, आणि आपल्याला वाटतं ती आधीच दिसली होती."

मला कोर्ट आठवलं. तो खांदा मला बोट ठेवताना दिसला होता, की वकिलाने विचारल्यावर?

आठवडाभर कात्री हातात धरवेना. बायको वैतागली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उकरून काढलंत म्हणून भावजी परत येणार आहेत का?"

"तो नाही यायचा," मी म्हणालो. "पण आत बसलाय तो येईल."

तुरुंगात भेटीची परवानगी काढली. टेप बघून शिपाई हसला, पण नेऊ दिली. तो माणूस आला. मला बघताच थांबला.

"मास्तर, आता कशाचं माप?"

"जरा सरळ उभा राहा."

जमिनीपासून डावा खांदा मोजला, मग उजवा. पुन्हा मोजले. सुताचाही फरक नव्हता. दोन पावलं मागे सरून बघितलं, तर डावा उतरलेलाच दिसत होता. डोळे चोळले. तरी उतरलेलाच.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"दोन्ही सारखे," मी टेपकडे बघत म्हणालो. त्याच्याकडे बघून म्हणालो असतो, तर मला ते खोटं वाटलं असतं.