दुखरी बाजू सांगायची नाही

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात, डॉक्टर लेडलॉ यांचा एक हट्ट आहे. चेहऱ्याच्या नसेचा एमआरआय असला, की कोणती बाजू दुखते ते त्यांना सांगायचं नाही. यंत्र चालवते मी, म्हणून तपासणीच्या कागदावर बाजू लिहिलेल्या ओळीवर पट्टीही मीच चिकटवते. का, तर नसेला टेकलेली रक्तवाहिनी धडधाकट माणसांतही सापडते. बाजू आधी कळली, की डोळे हवं तेच शोधतात.

त्या दिवशी जवळच्या ब्लफ बंदराहून नायरी टिपेने आली. कालवं फोडण्याच्या कामावर असते. दोन वर्षं उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ. वारा लागला तरी, दात घासले तरी.

"दिसेल ना गं काहीतरी?" ती ओठ न हलवता म्हणाली. "दिसलं तरच डनीडनचा सर्जन हात लावणार."

"हलू नका, म्हणजे दिसेल."

पठ्ठी चाळीस मिनिटं दगडासारखी पडून राहिली.

चित्रं पडद्यावर आली तसे लेडलॉ पुढे सरसावले. "डावीकडे वाहिनी टेकलीय. म्हणजे डावी बाजू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, दुसरीकडे तरी बघा की!"

झालं! खुर्ची माझ्याकडे वळली. "सांगून टाकलंस ना, मोरॅग? आता माझ्या मताला काय किंमत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शेरा लिहिलाच नाही, बाजू न सांगता चित्रं ख्राइस्टचर्चच्या डॉक्टर फिफितांकडे पाठवली. चूक माझी, आणि तासभर ताटकळली नायरी.

अखेर फोन आला. "डावीकडची नुसती टेकलीय, ती सोडा," फिफिताबाई म्हणाल्या. "उजवीकडे बघा. धमनीनं नस दाबून वाकवलीय, नस बारीकही झालीय. दुखणं उजवं असेल, तर कारण हेच."

लेडलॉंनी पट्टी काढून ओळ वाचली. "उजवंच आहे," ते म्हणाले, आणि नायरीला आत बोलावून त्यांनी पडद्यावरच्या त्या धमनीवर बोट ठेवलं.

ती पडद्यापाशी सरकली. "एवढीशी? ही भवानी?" म्हणाली आणि खदखदून हसली. हसताच कळ आली. गाल धरून ती खाली वाकली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी धावले, तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

"आधी हिचं नाव सांग," ती म्हणाली. "दोन वर्षं शिव्या कुणाला घालायच्या, तेच कळत नव्हतं."