दिवा तापेपर्यंत

तारांगण तसं लहानच होतं. गोल खोली, डोक्यावर पांढरा घुमट, मागे रेलणाऱ्या खुर्च्या आणि मधोमध चौथऱ्यावर प्रोजेक्टर. एक नवरा-बायको ते चालवायचे. अंधारात माइकवरून आकाशाची गोष्ट सांगायची ती बायको. तिच्या आवाजाची लोकांना इतकी सवय झाली होती, की बाजारात तिने नुसते कांदे मागितले तरी शेजारचं एखादं गिऱ्हाईक मान वर करून बघायचं. यंत्रं सांभाळायचा तो नवरा. त्याच्या वरच्या खिशात बारा महिने एक पेचकस खोचलेला असायचा, म्हणून सगळे त्याला पेचकस म्हणत. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची, पण चिडली की तीही पेचकसवर यायची.

त्या दिवशी सकाळपासून ती तिसऱ्यांदा पेचकसवर आली होती.

झालं होतं असं. कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं जुनं ग्राफिक्स कार्ड थकलं होतं. आकाशगंगा आली, की त्याला धाप लागायची. पेचकसने नवं कार्ड आणून बसवलं. कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून लिनक्स होतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, कुणीही उघडून बघावं, सुधारावं, म्हणून त्याने ते मोठ्या हौसेने घातलं होतं. आता कार्ड नुसतं बसवून भागत नाही, त्याचा ड्रायव्हरही घालावा लागतो. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी करून देणारा तो दुभाषा. पेचकसने ड्रायव्हर घातला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि दिवे मालवून आकाश लावलं.

आकाश फिरेना. कुणीतरी मागून ढकलल्यासारखं ते गचके खात पुढे सरकू लागलं.

“अहो,” बायको माइकजवळून म्हणाली, “हा चंद्र उगवतोय की जिना चढतोय?”

“ड्रायव्हर लागला नाहीये. कार्ड नुसतं बसून आहे. सगळे तारे बिचारा कॉम्प्युटर एकट्याने काढतोय.”

“पण तुम्ही तर घातलात ना ड्रायव्हर?”

“घातला. मशीन म्हणतंय घातलाय. आणि तेच मशीन म्हणतंय, चालत नाहीये.”

“म्हणजे आमच्या धाकट्या भावासारखं. कामावर आहे, पण कामात नाही.”

पेचकसने ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. घालताना दर वेळी मशीन विचारायचं, एक पासवर्ड ठरवा, पुढे लागेल. तो ठरवायचा. मग पुन्हा सुरू करायचा, आणि पुन्हा तोच जिना चढणारा चंद्र. ठरवलेला पासवर्ड कुणी मागायचंच नाही. जुनी आवृत्ती घालून झाली, नवी घालून झाली. कार्ड काढून, फुंकर मारून परत बसवून झालं.

“भाऊजींना फोन लावा,” बायको म्हणाली.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पेचकसचा साडू. एका दवाखान्यात तपासणीची मोठमोठी यंत्रं सांभाळायचा, आणि तिथेही लिनक्सच होतं. या विषयातलं त्याला चांगलं कळायचं. पंचाईत एकच, ते त्याला स्वतःलाही माहीत होतं. गेल्याच रविवारी सगळे जेवायला बसले असताना पेचकसने छाती पुढे काढून सांगितलं होतं, “कार्ड बसवायला मला कुणाची गरज नाही. पाणी पिण्याइतकं सोपं काम आहे.”

“साडूला नाही लावणार,” पेचकस म्हणाला. “मेलो तरी नाही.”

“तुम्ही मरू नका. लोक येतील आता.”

आणि लोक आलेच. बाहेर बस थांबली. हे नेहमीचे शाळकरी प्रेक्षक नव्हते. डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू काढलेल्या आपल्या आजी-आजोबांना तारे दाखवायला आणलं होतं. कित्येकांना वर्षानुवर्षं रात्रीचं आकाश म्हणजे नुसता धूसर कागद दिसत होता. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की डोळे नवे झालेत तर त्यांना काहीतरी बघण्यासारखं दाखवायला नको का? काळे चष्मे सावरत, एकमेकांचे हात धरत सगळे आत आले, आणि खुर्च्या मागे रेलतात हे कळल्यावर दोघातिघांनी “अरे पडलो, पडलो!” करून घेतलं.

पेचकस तेव्हा मशीन पुन्हा सुरू करत होता. दिवे मालवलेले. घुमट काळाकुट्ट.

“डॉक्टरीणबाई,” पहिल्या रांगेतून घाबरा आवाज आला, “मला काही दिसत नाही हो!”

“कुणालाच दिसत नाहीये, आजोबा.”

“खरं?”

“अगदी खरं. मलापण नाही.”

“मग ठीक आहे,” आजोबा म्हणाले आणि आरामात रेलले.

बायकोने माइक हातात घेतला. कामच बोलायचं होतं, आणि बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. तिने दिवे मंद करून लावले, आणि आकाश यायला जरा उशीर आहे, तोवर तुम्हीच सांगा, तारे शेवटचे कधी पाहिलेत, असं विचारलं. झालं, खोलीत एकदम दहा तोंडं बोलू लागली. कुणी गच्चीवर झोपायचं, कुणी बोटीवर स्वयंपाकी होतं. एका आजींनी तर तारे बघत बघत चालताना खड्ड्यात पाय घातला होता, आणि उचलायला जो धावला त्याच्याशीच लग्न केलं. “पाय बरा झाला,” त्या म्हणाल्या, “नवरा अजून आहे.” शेजारच्या खुर्चीतला तो नवरा सगळ्यांना हात हलवून दाखवू लागला.

मागच्या टेबलाशी पेचकसच्या कपाळावर घाम आला होता. त्याने एकदा त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि अभिमान गिळून फोन लावला. हात कीबोर्डसाठी मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर ठेवला.

“बोल रे,” साडूचा आवाज आला. “पाणी पिताना ठसका लागला?”

“हस. आधी हसून घे.”

“घेतलं. आता सांग.”

पेचकसने सांगितलं. साडूने एक आज्ञा टाइप करायला लावली, ड्रायव्हर हाताने सुरू करून बघण्यासाठी. टेबलावर वेगळा पडदा नव्हताच. जे काही दिसायचं ते थेट घुमटावर. त्यामुळे काळ्या घुमटावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर वर चढू लागली. वरची मोठाली, आणि खाली कडेला वाकत जाताना पार मुंगीएवढी.

“अरेच्चा,” पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले, “इथेही डोळे तपासताहेत!”

“काय लिहून आलंय?” साडूने फोनवरून विचारलं.

“थांब, लांब आहे…” पेचकस डोळे बारीक करून बघू लागला. “शेवटची ओळ नीट लागत नाहीये.”

“मला लागतेय,” भिंतीकडच्या खुर्चीतून एक आजी म्हणाल्या. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती, आणि गेली काही वर्षं त्यांना दरवाजावरची पाटीही वाचता येत नव्हती. त्यांनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान वर केली आणि एकेक शब्द चवीने घेतल्यासारखा वाचला, “की… वॉज… रिजेक्टेड… बाय सर्व्हिस. पूर्णविराम नाही दिलेला.”

खोलीत टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई तर उठून उभ्याच राहिल्या. “शेवटची ओळ! आजी, तुम्ही शेवटची ओळ वाचलीत!”

“मग? उगाच का टाके घातलेत?”

“टाके नसतात हो आता त्यात.”

“कोण वाचतंय तिकडे?” साडू ओरडला. “परत वाचा बरं! की रिजेक्टेड?”

आजींनी आनंदाने परत वाचलं.

“मग सापडलं!” साडू म्हणाला. “ऐक. ड्रायव्हर बरोबर आहे, कार्डही बरोबर आहे. तुझ्या मशीनला सुरक्षेचं कुलूप आहे. ओळखीची किल्ली दाखवल्याशिवाय ते कुठल्याही ड्रायव्हरला आत घेत नाही. ड्रायव्हर घालताना पासवर्ड विचारला होता ना? मशीन पुन्हा सुरू झालं, की एक निळा पडदा येतो. तिथे तोच पासवर्ड देऊन ‘ही किल्ली आपली आहे’ असं कबूल करायचं असतं. तू केलं नाहीस.”

“निळा पडदा आलाच नाही.”

“येतो.”

“अरे, नाही आला! सकाळपासून किती वेळा सुरू केलंय.”

“येतोच. पाच-दहा सेकंद थांबतो, कुणी बटण दाबलं नाही तर निघून जातो. डुलक्या काढत होतास का?”

“मी इथे उभा आहे! डोळे फाडून बघतोय! घुमट काळा असतो काळा, आणि मग थेट…”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायकोच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने माइक खाली घेतला आणि तिथूनच विचारलं, “अहो, मशीन बंद झालं की प्रोजेक्टरचा दिवा विझतो ना?”

“विझतो. मीच तसं लावून ठेवलंय, दिवा जास्त दिवस टिकतो.”

“आणि परत लागायला किती वेळ घेतो?”

“तापायला वेळ लागतोच. अर्धं मिनिट तरी…” पेचकसचा हात आपोआप कपाळावर गेला. “आई शप्पथ.”

निळा पडदा दर वेळी आला होता. बिचाऱ्याने दर वेळी दार ठोठावलं होतं, थोडा वेळ वाट पाहिली होती, आणि आत दिवा लागायच्या आधीच निघून गेला होता.

फोनमध्ये साडू इतका हसला, की खुर्च्यांवरचे निम्मे लोक कारण न कळताच हसू लागले. विशेष म्हणजे पेचकसही हसला. “बरं, कुलूपच काढून टाकू का?” त्याने विचारलं.

“वेडा आहेस का? पडदा बघायला दुसरा मॉनिटर आण कुठून तरी.”

मॉनिटर एकच होता, बाहेर तिकिटाच्या खिडकीवर. तिथल्या काकू दुपारच्या शांततेत त्यावर पत्ते लावत होत्या. पेचकस धावत गेला, तेव्हा शेवटचे राजे जागेवर बसायचे बाकी होते.

“आत्ता? डाव सुटत आलाय माझा!”

“काकू, आत माणसं आकाशासाठी खोळंबलीत.”

“आकाश कुठे पळून जातंय?” असं म्हणत काकूंनी खेळ बंद केला, मॉनिटर मात्र त्याच्या हातात दिला नाही. लेकरासारखा छातीशी धरून स्वतःच आत आणला आणि टेबलावर ठेवून शेजारी पहारा द्यायला उभ्या राहिल्या.

पेचकसने किल्लीची तयारी पुन्हा केली. मशीनने पासवर्ड ठरवायला सांगितलं. बायको मागे येऊन उभी राहिली होती. त्याची बोटं कुठल्या अक्षरांवर पडतात ते तिला दिसत होतं. शहाणासाडू. तिने पदर तोंडाशी नेला.

“काय ठेवलास पासवर्ड?” फोनवरून विचारणा झाली.

“तुला काय करायचंय?”

मशीन पुन्हा सुरू झालं. घुमट काळा झाला. “गेलं बाई परत,” कुणीतरी कुजबुजलं. आणि काकूंच्या मॉनिटरवर, कुणी चादर झटकून पसरावी तसा, निळा पडदा आला.

“आला!” बायको, काकू आणि पेचकस एकदमच ओरडले.

“दाब! दाब काहीतरी!” साडू ओरडला.

पेचकसने दाबलं. किल्ली नोंदवायची का? हो. नक्की? हो. पासवर्ड? त्याने दिला. मशीन पुन्हा एकदा बंद होऊन सुरू झालं. प्रोजेक्टरचा दिवा आपल्या सवडीने तापला. पेचकसने आकाश लावलं आणि बायकोने खोलीतला शेवटचा दिवा मालवला.

या वेळी गचका बसला नाही. पूर्वेच्या कडेवरून तारे वर येऊ लागले, दुधावर साय धरावी तसे, कळेल न कळेल अशा बेताने. पाठोपाठ आकाशगंगा उलगडली, धाप न टाकता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुर्च्यांवर एकेक काळा चष्मा उतरू लागला. बायकोने माइक तोंडाशी नेला.

“एवढे होते?” अंधारात कुणीतरी विचारलं. “पूर्वीपण एवढेच होते?”

“एवढेच,” तिने सांगितलं. “एकही कमी झालेला नाही.”

टेबलाशी पेचकसने फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाला, “झालं रे. तुझ्यामुळे.”

“रविवारी सगळ्यांसमोर म्हण,” साडू म्हणाला.

“म्हणेन.”

मग बायकोने सांगितलं, की या मशीनला कुठल्याही दिवशीचं आकाश दाखवता येतं, मागचं किंवा पुढचं. खड्ड्यात पडलेल्या आजींनी ताबडतोब त्या रात्रीची तारीख मागितली. “वर्ष चुकलीस,” त्यांचा नवरा म्हणाला. “नाही चुकले. खड्ड्यात पाय माझा गेला होता, तुझा नाही.” बोटीवरच्या स्वयंपाक्याला भर समुद्रातलं आकाश हवं होतं. मुद्रितवाल्या आजींनी आपल्या जन्मदिवसाची तारीख सांगितली, पण वर्ष मात्र पेचकसच्या कानात जाऊन सांगितलं. पेचकस तारखा टाइप करत होता, आकाश दर वेळी रेशमासारखं फिरून नव्या रात्रीवर येऊन थांबत होतं, आणि दर वेळी त्याला वाटत होतं, आता अडकेल. अडकलं नाही.

“आणि तुम्हाला, आजोबा?” बायकोने पहिल्या रांगेत विचारलं. “तुम्ही काहीच मागितलं नाहीत.”

“मला आजचं दाखवा.”

“आजचं? ते तर घरी गेल्यावरही दिसेल.”

“म्हणूनच. नीट बघून ठेवतो. अंधार पडला की अंगणात उभा राहून ताडून बघणार, तुमचं बरोबर आहे का ते.”

“बघा,” डॉक्टरीणबाई अंधारातून म्हणाल्या, “पण आधी डोळ्यांत थेंब घालायचे, मग तारे.”