भिंतीबाहेरची माती

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानशी आहे, पण ऐकून उठाल तेव्हा घास गोड लागणार नाही.

सून स्वयंपाकघरात कपबशा पुसत होती. बाळंतपण होऊन आठवडाही उलटला नव्हता. पान्हा फुटून पोलकं भिजत होतं, आणि प्यायला बाळ नव्हतं. मुलगी जन्मली आणि धर्मगुरू बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन पोहोचायच्या आत गेली. पोटात असताना सारखी लाथा मारायची, म्हणून सून तिला ‘धडपडी’ म्हणायची. तेवढंच तिचं नाव. पाणी न पडलेल्या बाळाला दफनभूमीत जागा नाही, प्रार्थना नाही, खूणसुद्धा नाही, असा तिथल्या चर्चचा रिवाज. चर्चच्या माणसानं तिला खोक्यात घालून नेलं आणि भिंतीबाहेर पुरलं.

सासरे धर्मशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. याच रिवाजाविरुद्ध त्यांनी ग्रंथ लिहिलेला. तो वाचून भारावलेले एक विद्वान पाहुणे आज दिवाणखान्यात बसले होते.

“सर, देव पाण्याच्या थेंबाला बांधलेला नाही, हे तुम्ही किती ठामपणे मांडलंत! किती आयांना धीर आला असेल!”

सासरे सुखावले. “अहो, हा रिवाज माणसांच्या भीतीतून जन्मला आणि देवाच्या नावावर खपवला गेला.”

चहाचा ट्रे धरून सून तिथंच थबकली. “बाबा, मग धडपडीसाठी एकदा प्रार्थना म्हणा ना. तिला आत घ्यायला सांगा. तुमचा शब्द कोण मोडणार आहे?”

“सूनबाई, तो अभ्यासाचा विषय झाला,” सासरे हसले. “यंदा कॉलेजच्या प्राचार्यपदासाठी माझं नाव पुढे आहे, आणि प्राचार्य नेमतात ते चर्चवालेच. घरच्यासाठी नियम वाकवला तर काय म्हणतील? तरुण आहात, दुसरं होईल.” मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? दुःखात माणूस विधीला कसा चिकटतो! पुढच्या प्रकरणाला छान उदाहरण मिळालं.”

पाहुण्यांनी मान डोलावली आणि बिस्किट उचललं.

दारात सासू उभी होती. जन्मभर नवऱ्यापुढे ब्र न काढलेली बाई.

“उदाहरण?” ती म्हणाली. “आपला थोरला असाच गेला तेव्हाही तुम्ही गप्प बसलात. रडून रडून ग्रंथ लिहिलात. भिंतीपलीकडे एकदा तरी पाऊल टाकलंत?”

“अगं, पाहुण्यांसमोर काय हे...”

“पाहुण्यांना चहा तुम्हीच ओता. चल गं पोरी.”

भिंतीमागे काटेरी झुडपं, फुटक्या बाटल्या, कुजका कचरा. ताजी माती लगेच दिसली. सुनेनं भोवती दगड रचले, गुडघे टेकले आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली. हुंदक्यांनी शब्द तुटत होते, पण आवाज भिंतीवरून आत जात होता.

चर्चचा माणूस धावत आला. “बाई, इथं प्रार्थना चालत नाही!”

“चालणार,” सून म्हणाली. “उद्याही येणार मी. परवाही. तिला आत घेईपर्यंत रोज येणार. जा, सांगा त्यांना.”

तो पुटपुटत गेला. मग तिनं सासूकडे पाहिलं. “आई, तुमचं बाळ कुठंय? त्याच्यासाठीही म्हणू.”

सासू एका झुडपापाशी गेली. “इथं... नाही गं, गटाराजवळ होतं बहुतेक.” तिथली माती तिनं बोटांनी उकरली. मग दुसरीकडे. मधल्या वर्षांत भिंत पुढे सरकवून बांधलेली; जुनी जागा कुठं गेली, कळायला मार्ग नव्हता. ती तिथंच मटकन बसली.

मायबाप, धडपडीसाठी हात जोडायला आता तिची आई रोज उभी आहे. तुम्ही संध्याकाळी देवापुढे बसाल तेव्हा त्या थोरल्याची आठवण काढा. त्याच्या आईला त्याची जागाच सापडली नाही.