उतारावरच्या खिडकीपर्यंत

मी एक पायपेटी. बोलायला बसले आहे खरी, पण जे आठवतंय ते तसंच घडलं का, याची खात्री मला देववत नाही. माझ्या भात्याचं कापड बदललंय, काही सूर मुके झालेत. माझं स्वतःचं किती आणि लोकांच्या तोंडून ऐकलेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

जर्मनीत, आयफेलच्या डोंगरात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची उन्हाळी वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धात कोलोन शहर बेचिराख झालं, तेव्हा तिथल्या एका लहानशा चर्चचे पास्टर मुलांना चांगली हवा मिळावी म्हणून या रानात घेऊन आले. आधी नुसते तंबू. मग ज्याने त्याने सुट्टीत स्वतःच्या हातांनी लाकडी घरं उभारली, मधोमध सभागृह बांधलं आणि त्यात मला आणून ठेवलं.

दारू नाही, पत्ते नाहीत, घरांना कुंपण नाही. एका उन्हाळ्यात माझ्या पोटात बिअरची बाटली सापडली होती. ती पास्टरांची नसावी.

रोज संध्याकाळी सगळे गायला जमत. कुणी आजारी असलं तर त्याला घरी ऐकू जावं म्हणून खिडक्या सताड उघडत. मला वाजवायची हानेलोरे. तंबूत राहिलेली ती मुलगी उतारावरच्या घरात नांदली, तिथेच विधवा झाली, पण माझ्यापाशी येणं तिने सोडलं नाही.

पुढे मुलं मोठी झाली, उन्हाळ्यात समुद्राकडे जाऊ लागली. घरं विकली गेली, भाड्याने दिली गेली. गाणारे कमी होत गेले. हानेलोरे अंथरुणाला खिळली आणि माझ्यावर धूळ बसली.

मग ठरलं, की उन्हाळा संपला की सभागृह पाडायचं. हानेलोरेला वृद्धाश्रमात हलवणार होते. जाण्याआधी एकदा संध्याकाळचं गाणं आपल्या खिडकीत ऐकू यावं, एवढंच तिचं मागणं. पण वाजवणार कोण?

तिच्या शेजारचं घर कोलोनच्या निशिगंधाने भाड्याने घेतलं होतं. तिच्या सासूबाई शैलाताई पुण्याहून आल्या होत्या. निशिगंधाने सांगून टाकलं, "आमच्या आई पेटी वाजवतात."

"अगं, भजनाला वाजवते मी! यांच्या देवाला चालेल का ते विचार आधी."

निशिगंधाने विचारलं. हानेलोरे हसली. "जा, जा! माझे चुकलेले सूर इतकी वर्षं चालले की."

तिने गुणगुणून चाल शिकवली, शैलाताईंनी कानाने उचलली. संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसल्या आणि त्यांचा डावा हात सवयीने मागे भाता शोधू लागला. एका म्हाताऱ्याने खाली, आलटून पालटून पायांनी दाबायच्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"अगंबाई, ही तर शिलाई मशीनच निघाली!" शैलाताई स्वतःशीच म्हणाल्या.

खिडक्या उघडल्या. पण वारा रानाकडे होता. मूठभर थकलेले गळे, त्यात माझे मुके सूर. माझा आवाज उतारावर पोचेल, असं मला वाटेना.

निशिगंधा हानेलोरेजवळ बसली होती. गाणं संपल्यावर ती वर आली.

"ऐकू आलं का गं त्यांना?"

"कोण जाणे, आई. डोळे मिटलेले होते. पायांत गोळे येत असावेत, सारखे हलत होते. मी चेपत बसले, घट्ट धरून ठेवले, तेव्हा कुठे शांत झाल्या."

हानेलोरे त्याच शरदात वारली. तिला ऐकू आलं होतं का, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

सभागृह पाडलं तेव्हा निशिगंधाने मला नेलं; आता मी कोलोनला, तिच्या फ्लॅटमध्ये आहे. वाळलेल्या कपड्यांचा ढीग माझ्यावर असतो. कपडे टाका, पण ओले नका टाकू, एवढीच विनंती. थकले आहे; वाजवाच, असा आग्रह नाही.

बऱ्याच वर्षांनी, या हिवाळ्यात, निशिगंधाने ढीग बाजूला केला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली. खालच्या पट्ट्यांवर पाय ठेवले. डावा, उजवा, डावा. मग एकदम थांबली.

"काय झालं गं?" शैलाताईंनी खुर्चीतून विचारलं.

"आई, हानेलोरेआजींचे पाय त्या दिवशी अस्सेच चालत होते. गोळे नव्हते आले त्यांना. ऐकू येत होतं. आणि मी पाय धरून बसले!"