सून बघायला आलेली बाई

"खाली वाका, गुडघे बाहेर!" मी ओरडले, पण एकही मुलगी वाकेना. सगळ्यांच्या नजरा दाराजवळच्या बाकाकडे. तिथे फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधलेली साठीची एक बाई बसली होती आणि मुलींचे पाय निरखत होती.

किर्गिझस्तानातल्या आमच्या ओश शहरात अशी बाई मुलींच्या घोळक्यात येऊन गप्प बघत बसली, की ती कशाला आलीय हे विचारावं लागत नाही. सून बघायला! लग्नात बघतात, बाजारात बघतात, बसमध्येसुद्धा बघतात. आता पडद्यांच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्यांच्या व्यायामशाळेतही येऊ लागल्या म्हणायच्या.

मुलींचं तर काय विचारता! एकीनं टी-शर्ट खाली ओढला, दुसरीनं च्युइंगम गिळून टाकलं. महिनाभर माझं ऐकून न ऐकल्यासारखं करणारी ऐपेरी पाठ ताठ करून उभी राहिली. आल्तिनाय तर थेट चहाची किटली घेऊन धावली. कप अर्धाच भरला, पाहुण्यानं लवकर उठू नये म्हणून भरतात तसा. मला हसू आवरेना. पण कुणाचं जमलं तर मला हवंच होतं, म्हणून मी शेजारी जाऊन बसले. वयानं मोठ्या बाईला आम्ही अपा म्हणतो.

"अपा, मुलगा काय करतो?"

"मॉस्कोत टॅक्सी चालवतो."

"छान की! एकटाच राहतो?"

"एकटा कशाला? बायको आहे ना त्याची."

आल्तिनायच्या हातातली किटली तिथेच थांबली.

"मग आमच्या मुली कुणासाठी बघताय?" माझा आवाज जरा चढलाच.

"मुली कोण बघतंय? मी बूट बघतेय यांचे. उडी मारल्यावर पाय मुरगळत नाही ना, ते."

मुली पोट धरधरून हसल्या. आल्तिनाय लालबुंद होऊन आतल्या खोलीत पळाली. त्या बाई, उलकान अपा, मात्र हसल्या नाहीत. ही त्यांनी पाहिलेली तिसरी व्यायामशाळा होती म्हणे.

"नदीकाठच्या मोठ्या जिममध्ये त्या पोरानं विचारलं, किती किलो कमी करायचे? म्हटलं, एकही नाही, मला धावायचंय. तर म्हणतो, तुमच्यासाठी खुर्चीत बसून हात हलवायचा वर्ग आहे! दुसरीकडे गाणी एवढ्यानं लावलेली, की मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना."

"पण धावायचं कशाला, अपा?"

"नातीच्या पायातली दोरी कापायला."

पोर चालू लागलं की त्याच्या पायांत आम्ही काळी-पांढरी दोरी बांधतो. बायका शर्यत लावतात. पहिली येते ती दोरी कापते, आणि पोर पुढे तिच्या चालीनं चालतं असं मानतात. अपांच्या नातीनं वीस महिन्यांची झाल्यावर कुठे पहिलं पाऊल टाकलं होतं. शर्यतीला तीन आठवडे उरले होते.

"या वयात गुडघे गेले तर काय करणार?" मी म्हणाले. "तुमच्या वतीनं आल्तिनायला पाठवा. काय पळते ती!"

"वतीनं नको." अपांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या मी, उभ्यानं. धावायची वेळच आली नाही कधी. पण पोरीची आई तिकडे मॉस्कोत, इथे नाही. तुझ्यासाठी घरचं कुणी धावलं नाही, असं उद्या कुणी तिला सांगायला नको."

मी थेट कामाचं विचारलं. "मैदान कसलंय? गवत की माती? किती लांब?"

अपांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "गवत. साठ पावलं." मग कप पुढे केला. "ओत, पोरी. मी इथेच येणार."

रोज सकाळी सात वाजता त्या यायच्या. मागच्या अंगणात त्या पुढे आणि आल्तिनाय मागे. "पळा, अपा, सून मागे लागलीय!" असं ती ओरडायची, आणि अपा हसता हसता धापा टाकायच्या.

शर्यतीत अकरा जणी होत्या. अपा सातव्या आल्या. दोरी एका तरण्याताठ्या शिक्षिकेनं कापली. व्हिडिओ कॉलवर शर्यत दाखवायला फोन धरलेली अपांची जाऊबाईच उत्साहाच्या भरात धावत सुटली, त्यामुळे मॉस्कोतल्या आईला शर्यतभर नुसतं आभाळ दिसलं. अपा गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या, मान खाली. मला जवळ जायचा धीर झाला नाही. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रमतगमत आले. सातला आता कोण येणार होतं? बघते तर अपा जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधतायत.

"अपा, शर्यत तर झाली."

"झाली. पण दोरी कापल्यापासून पोरगी बसायला तयार नाही. आज उठली ती थेट फाटकापर्यंत गेली. उद्या पळेल. मग तिच्यामागे कोण धावणार, शेजारीण?" त्यांनी नाडीची गाठ घट्ट ओढली. "कुलूप काढ लवकर."