वसराम नाईक तांडा

आमच्यात तांड्याला नाईकाचं नाव असतं. नाईक गेला की पगडी मुलाच्या डोक्यावर येते आणि तांडाही मुलाच्या नावाने ओळखला जातो. पण हे सरकारला कोण सांगणार? तांड्याला गावाचा दर्जा मिळावा म्हणून माझे वडील, वसराम नाईक, आधी परभणीला आणि जिल्हा वेगळा झाल्यावर हिंगोलीला खेटे घालत राहिले. २००२च्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांचं दिवसकार्य व्हायच्या आत मंजुरी आली. गावाचं नाव, वसराम नाईक तांडा. सरकारला मुहूर्त बरोबर सापडतो.

मला पगडी बांधली तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, प्रेमदास नाईक शोभतो. खरं तर आत काही हलतच नव्हतं.

महिन्याभराने याडीने, म्हणजे माझ्या आईने, विषय काढला.

"तांड्याला तुझं नाव लाव."

"काहून?"

"रीत हाय. अन् तुझं नाव मला घेता येतंय."

नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हणालो, "याडी, नाव बदलायचं म्हणलं की फाईल पुन्हा पयल्यापासून. आता कुठं रस्ता येऊन राहिला."

पंचांचंही तेच म्हणणं पडलं. मी नाईक झालो, पण माझ्या नावाचा तांडा झाला नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही.

वर्षभरात रस्ता झाला, फाट्यावर पाटी लागली, जीपा सुरू झाल्या. याडी मात्र गोरेगावच्या बाजारातून पायीच यायची. मी चिडायचो. नाईकाची आई उन्हात तंगडतोड करते, लोक काय म्हणतील! ती म्हणायची, "बसून अंग आखडतं." हट्टी बाई, म्हणून मी नाद सोडला. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती, मला डोकं खपवायला तेच पुष्कळ होतं.

पोळ्याच्या बाजारी मी जीपमध्ये मागे बसलो होतो. याडी टोपलं घेऊन आली. तिचा गुडघा टम्म सुजला होता. मी तिला दिसलो नाही. ड्रायव्हर नवा होता.

"कुठं जायचं, मावशी?"

"तांड्यावर."

"कोणत्या? इकडं चार तांडे हायेत."

"नाईकाच्या."

"सगळेच नाईकाचे. नाव सांगा ना!"

जीपमधले लोक हसले. ती पायी का येते ते मला तेव्हा कळलं. मी हाक मारायला उठलो, तोवर तिने पदर पुढे ओढला होता.

"वसराम," ती खाली बघत म्हणाली.

"बसा."

ती आत आली, मला बघून क्षणभर थबकली आणि समोर बसली.

"आता गेले रे ते," ती म्हणाली.

जीप सुटायच्या आधीच मी भर बाजारात हमसून हमसून रडायला लागलो.